मखरज म्हणजे काय? मराठी वर्णमालेच्या वाटेने एक धडा

अरबी वर्णमालेत 28 अक्षरे आहेत. ही 28 अक्षरे नुक्त्याविना छापल्या जाणाऱ्या आपल्या नेहमीच्या देवनागरीत लिहायला घेतली, तर त्यांची किती अक्षरे होतात, हे वाचकांनी एकदा कागद घेऊन मोजून पाहावे. ते आणि तो ही दोन्ही 'त' होतात. से, सीन आणि स्वाद यांचा एकच 'स' होतो. बडी हे आणि छोटी हे यांचा एकच 'ह', काफ आणि क़ाफ यांचा एकच 'क', हमज़ा आणि ऐन यांचा एकच 'अ'. ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ो आणि जीम ही पाच अक्षरे तर एकट्या 'ज'च्या ओट्यावर दाटीवाटीने बसतात. हिशेब केला म्हणजे 28 अक्षरांची 18 होतात. 10 अक्षरे कागदावरच हरवली. जिभेपर्यंत ती पोहोचणार कोठून?

हा हिशेब मांडण्याचे कारण आहे. आपल्या गोंदिया जिल्ह्यात मुसलमानांची पुष्कळ मुले मराठी शाळेत शिकतात. आमगाव, तिरोडा, देवरी, सालेकसा अशा ठिकाणी अनेक घरांत उर्दू बोलली जाते, पण वाचता येत नाही. अशा घरांत देवनागरीत छापलेले यासीन शरीफ आणि पंजसूरे असतात. माता-भगिनी मोठ्या श्रद्धेने ते वाचतात. त्या श्रद्धेबद्दल मनात आदरच आहे. परंतु बहुसंख्य उलेमांनी अरबी लिपी सोडून केवळ दुसऱ्या लिपीतून कुरआन वाचण्यास पसंती दिलेली नाही. त्यामागे लिपीचा अभिमान नाही. त्यांना चिंता आहे ती अर्थाची.

उदाहरण घ्या. देवनागरीत 'जल्ल' असे लिहिले. आता मूळ शब्द कोणता? ज़ालने लिहिला तर 'तो अपमानित झाला'. ज़ेने लिहिला तर 'त्याचा पाय घसरला'. ज़ोने लिहिला तर 'तो तसाच राहिला'. ज़्वादने लिहिला तर 'तो वाट चुकला'. या चारही धातूंपासून बनलेले शब्द कुरआनात आले आहेत आणि चौथ्या धातूचा शब्द आपण प्रत्येक नमाज़मध्ये सूरह फातिहाच्या अखेरीस उच्चारतो. 'अलीम' हाही असाच शब्द. ऐनने म्हटला तर 'सर्व जाणणारा', म्हणजे अल्लाहचे गुणनाम. हमज़ाने म्हटला तर 'वेदनादायक', आणि तो शिक्षेचे विशेषण म्हणून येतो. 'क़ल्ब' म्हणजे हृदय, 'कल्ब' म्हणजे कुत्रा. ते या अक्षराने 'तीन' म्हटले तर अंजीर, ज्याच्या नावाने 95वी सूरह आहे. तो या अक्षराने 'तीन' म्हटले तर चिखलमाती, जिच्यापासून माणूस घडवला गेला. आणि मराठी मुलाला विचारले तर तो तीन बोटे दाखवील!

ज्या फरकामुळे अर्थ बदलतो, त्या फरकाला प्रत्येक भाषा जपते. भाषाविज्ञानात अशा अर्थभेदक ध्वनीला 'स्वनिम' म्हणतात. मराठीत 'ताक' आणि 'टाक', 'दार' आणि 'धार' हे वेगळे शब्द आहेत, म्हणून आपला कान त ट आणि द ध यांत गल्लत करीत नाही. अरबीत ट नाही, ध नाही. एखादा अरब गृहस्थ मराठी शिकू लागला तर त्याच्या कानाला ताक आणि टाक सारखेच वाटतील, आणि आपण त्याला हसू. म्हणजे कोणाची जीभ जड किंवा हलकी असत नाही. ज्या भाषेत ती वाढली, त्या भाषेने तिला जेवढ्या जागा दाखवल्या, तेवढ्याच तिला ठाऊक असतात.

या 'जागा' हाच आजच्या धड्याचा विषय. अरबीत 'मखरज' म्हणजे बाहेर पडण्याचे ठिकाण; अनेकवचन 'मखारिज'. मराठी व्याकरणात यालाच 'उच्चारस्थान' म्हणतात. आठवी-नववीत मो. रा. वाळंबे यांचे व्याकरण चाळलेल्या प्रत्येकाला कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दन्त्य आणि ओष्ठ्य हे शब्द माहीत असतात. क ख ग घ ङ, च छ ज झ ञ असे म्हणत जा आणि लक्ष जिभेकडे ठेवा. ध्वनी तोंडाच्या आतल्या बाजूने निघून हळूहळू पुढे सरकतो आणि प फ ब भ म म्हणताना ओठांवर येऊन थांबतो. आपली वर्णमाला हा तोंडाचा नकाशाच आहे, आणि तो पहिलीतल्या मुलाला पाठ असतो. दुर्दैवाने आपण त्याचा उपयोग अरबी शिकवताना करीत नाही.

अरबी व्याकरणकारांनीही असाच नकाशा काढला. हिजरी दुसऱ्या शतकात बसरा येथे खलील बिन अहमद यांनी अरबीचा कोश रचला. त्यांनी शब्द अलिफ, बे, ते या क्रमाने न लावता उच्चारस्थानांच्या क्रमाने लावले. घशातून निघणाऱ्या ऐनपासून आरंभ आणि ओठांकडे प्रवास. म्हणून त्या ग्रंथाचे नावच 'किताबुल ऐन'. त्यांचे शिष्य सीबवैहि मूळचे इराणी होते. अरबी ही त्यांची मातृभाषा नव्हती, तरी अरबी व्याकरणाचा सर्वांत मान्य ग्रंथ त्यांच्या हातून झाला. मला ही गोष्ट फार दिलासा देणारी वाटते. सीबवैहि यांनी 16 मखारिज मोजले. पुढे इमाम इब्नुल जज़री (हिजरी 751 ते 833) यांनी खलील यांच्याप्रमाणे 17 धरले, आणि आज मदरशांत तीच गणना शिकवली जाते. आतून बाहेर येण्याची दिशा संस्कृत आणि अरबी या दोन्ही परंपरांत सारखी आहे. एकीने दुसरीकडून घेतले काय, यावर विद्वानांनी वाद घातला आहे; आपल्याला त्या वादाची गरज नाही. माणसाचे तोंड सर्वत्र सारखेच आहे.

17 मखारिज पाच प्रदेशांत वाटले आहेत: जौफ म्हणजे तोंड व घसा यांतील पोकळी, हल्क म्हणजे घसा, लिसान म्हणजे जीभ, शफतैन म्हणजे दोन्ही ओठ आणि खैशूम म्हणजे नाकाचा आतला भाग. येथे मराठी शिकलेल्या वाचकाने एका ठिकाणी सावध राहावे. आपण 'क'ला कंठ्य म्हणतो. तज्वीदमध्ये मात्र काफ हे घशाचे अक्षर नाही. जिभेचा मागचा भाग वर उचलून टाळूच्या मऊ भागाला टेकतो, म्हणून ते जिभेचे अक्षर आहे. क़ाफ त्याच्याही मागे, पडजिभेजवळ. खरा घसा त्यानंतर सुरू होतो आणि त्यात सहा अक्षरे राहतात. अगदी तळाशी हमज़ा आणि छोटी हे, मध्ये ऐन आणि बडी हे, वर तोंडाजवळ ग़ैन आणि ख़े. मराठीला या तीन मजल्यांपैकी फक्त तळमजला परिचित आहे.

याउलट काही ठिकाणी दोन्ही नकाशे तंतोतंत जुळतात. जीम, शीन आणि या ही तीन अक्षरे तज्वीदमध्ये एकाच मखरजची मानली जातात: जिभेचा मध्य आणि त्यावरची टाळू. मराठीतही ज, श, य तालव्यच आहेत. बा आणि मीम दोन्ही भाषांत ओठांचे. म्हणून मुलाला सर्वच अरबी नव्याने शिकायचे आहे, असे सांगून घाबरवू नये. बरेचसे त्याच्या दप्तरात आधीपासूनच आहे.

ठिकाण कळले म्हणजे अर्धे काम झाले. एकाच ठिकाणाहून अनेक ध्वनी निघतात. त्यांना वेगळे करते ती उच्चारण्याची रीत. मराठी व्याकरण तिला 'प्रयत्न' म्हणते, तज्वीद 'सिफत'. गळ्यावर दोन बोटे ठेवून 'स्‌स्‌स्' म्हणा, मग 'ज़्‌ज़्‌ज़्' म्हणा. दुसऱ्या वेळी बोटांखाली थरथर जाणवेल. ती थरथर म्हणजे घोष. तज्वीदमधील हम्स आणि जहर ही जोडी आपल्या अघोष आणि घोष यांच्या जवळची आहे. दुसरी पाहणी: ओठांसमोर कागदाचा कपटा धरून मराठी 'ख' म्हणा. कपटा हलेल, कारण श्वास आधी अडतो आणि मग झटक्याने सुटतो. अरबी ख़े मध्ये श्वास अडतच नाही. तो अरुंद वाटेतून घासत जातो, खाकरताना जातो तसा. ग़ैनही असाच, पण घोष; गुळण्या करताना घशात जो आवाज होतो त्याच्या शेजारचा. मराठी 'ख' आणि 'ग' स्पर्श आहेत, अरबी ख़े आणि ग़ैन घर्षक. एवढे लक्षात आले की नुसत्या 'नीट बोल' या दटावणीची गरज उरत नाही.

फ आणि व यांकडे आपले दुर्लक्ष होते, कारण ते सोपे वाटतात. 'फळ' म्हणताना आपले दोन्ही ओठ मिटतात. फ़े म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाच्या आतल्या बाजूस टेकली पाहिजे. 'वारा' म्हणताना आपला खालचा ओठ दातांकडे जातो. अरबी वावमध्ये मात्र दात दूर राहतात आणि दोन्ही ओठ गोल होतात. म्हणजे फ आणि व यांनी आपापल्या जागा बदलल्या आहेत! 'ह'चेही तसेच. मराठी ह घोष आहे, अरबी छोटी हे अघोष. शिवाय मराठीत शब्दाच्या शेवटचा ह आपण गिळतो. मराठी पुस्तकांत 'अल्ला' असे सर्रास छापलेले दिसते. पवित्र नामाच्या अखेरचा तो हलका श्वास हे स्वतंत्र अक्षर आहे, आणि तो सोडण्याचा अधिकार आपल्याला नाही. बडी हे घशाच्या मध्यातून, घसा किंचित आवळून निघते. फातिहाच्या पहिल्याच शब्दात ती आहे. तेथे छोटी हे लागली तर स्तुतीच्या जागी विझण्याचा, निर्जीव होण्याचा धातू येतो. सूरह हज्जमध्ये कोरड्या पडलेल्या जमिनीसाठी त्याच धातूचे विशेषण आहे.

मराठी मुलाची एक जमेची बाजूही सांगितली पाहिजे. आपण 'जग' हा शब्द दोन प्रकारे उच्चारतो. 'हे जग' म्हणताना ज तालव्य असतो आणि 'शंभर वर्षे जग' असा आशीर्वाद देताना तोच ज दातांकडे सरकतो. लिपीत दोघांना एकच चिन्ह आहे, तरी मराठी मूल चुकत नाही. म्हणजे लिपीत न दिसणारा फरक जिभेने सांभाळण्याची सवय त्याला आहेच. दुसरा ज घ्यावा, जीभ टाळूला पूर्ण चिकटू न देता सैल सोडावी, की ज़े हाती लागते. मग जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लावले की ज़ाल. आरशात पाहिले तर टोक दिसले पाहिजे. तसेच टोक ठेवून अघोष उच्चार केला म्हणजे से.

आता घरच्या बोलीकडे येऊ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा झाडीपट्टीचा मुलूख. येथील झाडीबोलीत ण, श, ळ हे वर्ण नाहीत. 'पाणी'चे पानी होते, 'शेत'चे सेत आणि 'डोळा'चा डोरा. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या बोलीचा सविस्तर अभ्यास करून तिला तिचा मान मिळवून दिला. ती अशुद्ध मराठी नाही, तिला स्वतःचे नियम आहेत. अरबीच्या दृष्टीने ण आणि ळ नसण्याने काहीच बिघडत नाही, कारण ते अरबीतही नाहीत. श नसण्याने मात्र बिघडते. 'नस्र' हा शब्द पाहा. स्वादने म्हटला तर साहाय्य, 110व्या सूरहचे नाव. सीनने म्हटला तर गिधाड, आणि सूरह नूहमध्ये तेच एका मूर्तीचे नाव म्हणून आले आहे. शीनने म्हटला तर पसरवणे, जे सूरह मुर्सलातच्या आरंभी आहे. झाडीतले लेकरू तिन्ही ठिकाणी एकच 'नस्र' म्हणेल. अशा वेळी त्याला वर्गात उभे करून त्याच्या बोलीची नक्कल करणारे शिक्षक मी शाळेतही पाहिले आहेत आणि मकतबमध्येही. ते मूल पुन्हा तोंड उघडत नाही. त्याला एवढेच सांगावे की, 'सेत' घरी चालते. येथे जिभेचा मध्य उचल आणि 'य' म्हणतोस त्या जागेवरून वारा सोड. श आपोआप येतो.

येथे एक प्रसिद्ध कथा आडवी येते. ह. बिलाल (रज़ि.) यांना शीन म्हणता येत नसे, ते अज़ानमध्ये सीन म्हणत आणि अल्लाहच्या दरबारी तो शीनच मानला जाई, असे आपण व्याख्यानांतून ऐकतो. इमाम इब्ने कसीर यांनी या कथेला काहीही आधार नसल्याचे स्पष्ट नमूद केले आहे. उलट अज़ानचे शब्द स्वप्नात ऐकणारे ह. अब्दुल्लाह बिन ज़ैद (रज़ि.) यांना प्रेषितांनी (स.) ते शब्द बिलाल (रज़ि.) यांना शिकवण्यास सांगितले, कारण त्यांचा आवाज अधिक बुलंद होता, असे हदीसमध्ये आहे. आपल्या आळसाला आधार म्हणून त्या महान सहाबींच्या जिभेवर दोष ठेवणे योग्य नाही.

उर्दू घरांनीही निश्चिंत राहू नये. उर्दूने अरबी अक्षरे लिपीत जपली, उच्चारात नाही. उर्दू बोलणारा ज़ाल, ज़े, ज़्वाद आणि ज़ो चारही एकाच ज़ने म्हणतो. आणखी एक गंमत अशी की, उर्दूत अक्षराचे नाव 'स्वाद' आहे, म्हणून मुले ते उच्चारताना ओठ गोल करून आत 'व' मिसळतात. अरबी नाव नुसते 'साद' आहे. त्याचा जाडपणा ओठांनी येत नाही. जिभेचा मागचा भाग टाळूकडे उचलला म्हणजे तो येतो. यालाच इस्तिअला म्हणतात. 'तो'चा जाडपणाही तसाच. आणि ज़्वाद? जिभेची बाजूची कड वरच्या दाढांना लावून तो निघतो. आपल्या मुलखात फातिहाच्या शेवटी कोणी 'द'कडे झुकतो, कोणी 'ज़'कडे, आणि त्यावरून मशिदीत भांडणे झालेली आहेत. माझ्या मते दोन्ही पक्षांनी भांडणाचा वेळ दाढेपाशी जीभ नेण्यात घालवला असता तर वाद कधीच मिटला असता.

स्वरांबाबत मराठीची एक सवय आडवी येते. 'कवी', 'गुरू' असे आपण शेवटी दीर्घ लिहितो आणि बोलताना ऱ्हस्व-दीर्घाकडे फारसे पाहत नाही. अरबीत मात्रेवर अर्थ तोललेला असतो. 'ला' दीर्घ म्हटला तर 'नाही', 'ल' ऱ्हस्व म्हटला तर 'खचितच'. सूरह काफिरूनमध्ये तो 'ला' आखडला, तर 'मी पूजत नाही'चे 'मी खचितच पूजतो' होईल. याशिवाय ज़बरचा उच्चार मराठी 'अ'सारखा मिटलेला नसतो. 'आ'साठी तोंड उघडावे आणि अर्ध्या वेळात आवरावे.

हे सर्व वाचून एखाद्या साठीच्या आजींच्या मनात भीती येईल की, इतकी वर्षे केलेली नमाज़ वाया गेली काय? तसे समजू नये. शिकण्याचा प्रयत्न करूनही ज्याची जीभ वळत नाही, त्याला धर्मशास्त्रज्ञांनी सवलत दिली आहे. ह. आयेशा (रज़ि.) यांनी सांगितलेली हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिचा आशय असा की, जो अडखळत, कष्टाने कुरआन वाचतो त्याला दुहेरी मोबदला आहे. सवलत आहे ती प्रयत्न करणाऱ्याला. अर्थ बदलणाऱ्या चुकीला तज्वीदमध्ये 'लह्ने जली' म्हणतात, आणि ती कळल्यावर तशीच ठेवण्यास सवलत नाही.

म्हणून आरंभ फातिहापासून करावा. त्यात 28 पैकी 21 अक्षरे येतात. से, जीम, ख़े, ज़े, शीन, ज़ो आणि फ़े ही सात येत नाहीत. उरलेल्या 21 पैकी मराठी जिभेला परकी अशी आठच: बडी हे, ऐन, ज़ाल, स्वाद, तो, ज़्वाद, ग़ैन आणि क़ाफ. आठवड्याला दोन घेतली तर एक महिना. कोणतेही अक्षर शोधण्याची जुनी रीत अशी: त्यावर जज़्म द्यावे आणि आधी ज़बरचा हमज़ा लावावा. 'अक़्', 'अग़्', 'अस्' असे म्हणावे. आवाज जेथे जाऊन थांबतो, तेथे त्या अक्षराचे घर. मगरिबनंतर घरातील सर्वांनी दहा मिनिटे गोल बसून, हातात एक आरसा घेऊन हे करावे. पहिल्या आठवड्यात ज़ाल आणि क़ाफ घ्यावीत, कारण एक आरशात दिसते आणि दुसरे 'क' मागे ढकलत नेले की सापडते. ऐन आणि ज़्वाद शेवटच्या आठवड्यासाठी ठेवावीत, आणि ती एखाद्या कारींच्या समोर बसून, त्यांच्या तोंडाकडे पाहत शिकावीत. देवनागरीचा पंजसूरा तोवर उशाशी राहू द्या. शब्द विसरला तर आठवायला तो उपयोगी आहे. जीभ कोठे ठेवायची, हे मात्र त्याला विचारू नका.